शेवळांना मी नंबर घातले

वनखात्यात चौतीस वर्षं काढली असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. बिबट्या पाहिलात का, आणि चंदन मिळतं का. पहिल्याचं उत्तर हो. मात्र मी त्याला जितक्या वेळा पाहिलं त्याच्या दसपट वेळा त्याने मला पाहिलं असणार. दुसऱ्याचं उत्तर नाही. एवढं ऐकलं की समोरच्याचा उत्साह मावळतो आणि तो पेन्शनकडे वळतो. भाजीबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. वनरक्षकाकडे रानाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. अशा तीन-चार बिटांवर देखरेख करतो तो वनपाल. वाड्यांवरची माणसं त्याला सरळ 'फारेष्टर साएब' म्हणतात. माझी बहुतेक नोकरी टिटवाळा आणि खडवलीच्या आसपासच्या रानात गेली. हे रान म्हणजे काही अभयारण्य नव्हे. फाटक नाही, तिकीट नाही. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला ऐन, मधून ओढा, आणि टेकडीवर चढलात की लांबवर नव्या इमारतींच्या क्रेन दिसतात. मालकी सरकारची, वहिवाट वाडीची, आणि रविवारी सगळ्या ठाणे जिल्ह्याची.

आमच्या कामाचा गाभा म्हणजे नंबर. उभ्या झाडाला नंबर, तोडलेल्या ओंडक्याला नंबर, हद्दीच्या दगडी बुरुजाला नंबर, चोराकडून जप्त केलेल्या कोयत्यालासुद्धा नंबर. ज्याला नंबर नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते उद्या कोणी उचलून नेलं तर साहेब विचारतात, "तिथे होतं कशावरून?" हे मला मनापासून पटलं होतं आणि या कामात मी तरबेज होतो. माझ्या हातचे लाल आकडे काही सागांवर अजून वाचता येतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

शेवटच्या दहा-बारा वर्षांत रानात नवी गिऱ्हाइकं यायला लागली. पूर्वी शहरातला माणूस रानात आला तर बाटली घेऊन यायचा. आता पिशवी घेऊन यायला लागला. कोणीतरी सांगितलेलं असायचं की रानभाजी म्हणजे अमृत, खत नाही, फवारणी नाही. ठाण्याचं एक जोडपं मला असंच टिटवाळ्याजवळ भेटलं. दोघांच्या हातात रबरी मोजे, आणि टाकळा खुडण्यात अगदी गुंग. टाकळा उत्तमच होता, पण ज्या नाल्याच्या काठावर तो माजला होता त्यात वरच्या तीन सोसायट्यांचं सांडपाणी येत होतं.

मी म्हटलं, "साहेब, ही भाजी रानची नाही, गटाराची आहे."

ते म्हणाले, "पण नॅचरली उगवलीय ना?"

मी त्यांना टेकडीवर नेऊन चांगला टाकळा दाखवला आणि मोजे काढायला लावले. पाला कोवळा की जून हे बोटांना कळतं, मोज्याला कळत नाही.

दुसरे एक गृहस्थ बांबूच्या बेटातले झाडून सगळे कोंब कापून पोत्यात भरत होते. त्यांना कोंबाची भाजी आवडत होती, एवढाच त्यांचा गुन्हा. पण कोंब म्हणजे बेटाची पुढची पिढी. चार काढावेत, चार ठेवावेत. सगळेच काढले की बेट म्हातारं होऊन जागीच संपतं. मी त्यांच्यावर रीतसर गुन्हा नोंदवला आणि त्यांनी माझ्यावर साहेबांकडे तक्रार नोंदवली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो असं साहेबांनी ठरवलं.

आणि तिसरे मला फक्त फोनवर भेटले. भर दुपारी ऑफिसात फोन आला. पलीकडचा आवाज घोगरा, संतापलेला. "तुमच्या जंगलाविरुद्ध तक्रार कुठे करायची?" मी विचारलं, काय झालं? म्हणाले, शेवळं आणली, खाल्ली, घरातल्या पाचही माणसांचे घसे सुजले. मी विचारलं, "काकडं घातली होती का?" ते म्हणाले, "काकडी? काकडी कशाला घालायची?"

ज्यांना शेवळं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेवळ हा सुरणाचा रानटी भाऊबंद. वर्षातले सात-आठ महिने जमिनीत वीतभर खोल कंद होऊन झोपलेला असतो आणि वर काडीचाही मागमूस नसतो. मे संपता संपता, हवा जरा ओलसर झाली की एकाएकी जमिनीतून भाल्याच्या टोकासारखा जांभळट फुलोरा बाहेर येतो. तो उमलायच्या आत काढायचा, तीच भाजी. फुलोरा गेला तरी कंद खाली शाबूत असतो. नंतर त्याला एकच पान येतं, छत्रीसारखं पसरतं, आणि पावसाळाभर त्या पानाच्या कमाईवर कंद पुढच्या वर्षाची तयारी करतो. या भाजीत भयंकर खाज असते. बुडाशी पिवळा दाणेदार भाग असतो तो काढून टाकायचा आणि काकड नावाच्या झाडाची छोटी आंबट फळं वाटून त्यात घालायची, म्हणजे खाज मरते. विकणाऱ्या बायका जुडीबरोबर मूठभर काकडं देतातच. मग त्यात कोलंबी घाला नाहीतर वाल घाला, वर्षातून पंधरा दिवस मिळणारी अशी चव दुसरी नाही. ठाण्या-डोंबिवलीत कित्येक घरांत अजूनही या पंधरा दिवसांची वाट पाहतात. घोगऱ्या साहेबांना मी चिंच-गूळ चघळायला सांगितलं आणि तक्रार नोंदवून घेतली नाही.

ही सगळी माहिती माझी नाही. ती सोमीबायची.

सोमीबाय म्हणजे ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीवरची बाई. वयाने माझ्याएवढी असावी. तिचं वय तिलाच माहीत नाही. मी नवाकोरा वनरक्षक होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिची पाटी खाली उतरवून मी तिला विचारलं होतं, "पास कुठे आहे?"

ती माझ्या टोपीकडे बघत म्हणाली, "शेवळाला पास? त्याला उगवाया कुनी पास दिलंन?"

बरोबरच्या बायका हसल्या. मी कागद काढला, काय लिहायचं ते सुचेना, म्हणून परत खिशात घातला. रानातली भाजी-फळं गोळा करण्याचा त्यांचा हक्क आता कायद्यानेच मान्य आहे. तेव्हा नव्हता, पण रीत होती, आणि ती रीत आमच्या कित्येक नियमांपेक्षा कडक होती. वाडीवर गावदेवीला दाखवल्याशिवाय पहिली जुडी कोणी काढायची नाही. एका ठिकाणी पाच दिसली तर तीन घ्यायची. जे सर्वांत आधी वर येतं त्याला त्या 'म्हातारी' म्हणत आणि म्हातारीला हात लावत नसत. ती फुलते, तिला फळं धरतात, पाखरं बी नेतात. कंदाला लोखंड लावायचं नाही. आणि कोणाच्या घराने कुठला उतार धरायचा हे ठरलेलं, त्यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

मी शहरातल्या माणसांना तीन गोष्टी सांगायचो: ओळखीचं तेवढंच तोडा, एका जेवणापुरतं तोडा, मुळाला हात लावू नका. सोमीबायने त्यात चौथी घातली. "तुमच्या आदी थितं कोन येतं, त्याला इचारा." मी ती पुढे सगळ्यांना ऐकवायचो. स्वतः मात्र विसरलो.

झालं असं की एका वर्षी वरून पत्र आलं. आपापल्या क्षेत्रातल्या रानभाज्यांची नोंद करून पाठवा. बाकीच्यांनी टेबलावर बसून यादी लिहिली. मी कसला बसतोय! जून महिनाभर ओढ्याकाठच्या उतारावर फिरून मी एकेका शेवळाशेजारी सागाची खुंटी ठोकली, खुंटीचं टोक चुन्यात बुडवलेलं, त्यावर लाल रंगात आकडा. एकशे बारा खुंट्या. नकाशा काढला, रकाने पाडले. साहेबांनी तो नकाशा दुसऱ्या रेंजच्या, म्हणजे वनक्षेत्राच्या, लोकांनाही दाखवला. मला वाटलं, चला, शेवळं कागदावर आली, आता त्यांना कोणी हात लावणार नाही.

सोमीबाय खुंट्या बघून थबकली. "साएब, ह्या काय केलाव?"

"तुमच्या शेवळांची नोंद केली. आता कोणी चुकून पाय देणार नाही."

"पान सुकलं का आमालाच जागा दिसत नाय, पुढल्या सालापत्तुर. म्हनून तं ती ऱ्हातात." ती खुंटीकडे बोट दाखवत म्हणाली, "आता उनाल्यात बी दिसतील. समद्यांना."

मी हसलो. सरकारी रानात सरकारी खुंटी आहे, तिला कोण हात लावणार, असं काहीतरी म्हणालो. ती वाडीकडे वळली. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

त्याच पावसाळ्यात डोंबिवलीचा एक गच्चीबागवाल्यांचा गट रान बघायला आला. त्यांच्या प्रमुख कर्णिक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज असा की मागच्या बाकावरचाही ताठ बसेल. असे श्रोते मिळाले की मी सुटतोच. मी त्यांना खुंट्या दाखवल्या, पान दाखवलं, कंद किती खोल असतो ते हाताने मापून दाखवलं. शिवाय, पाच-दहा वर्षांत इथपर्यंत इमारती येतील, तेव्हा या शेवळांचं काय होणार कोण जाणे, असंही भरल्या गळ्याने बोललो. बायकांनी डोळे पुसले. कर्णिक बाई म्हणाल्या, "आमच्या आईच्या हातची शेवळं... आता बाजारात कधी येतात आणि संपतात, कळतच नाही." सगळ्यांनी माझा नंबर घेतला. मी खूश होऊन घरी गेलो.

पुढच्या मे महिन्यात, वाडीची माणसं वीटभट्ट्यांवरून परतत होती त्या दिवसांत, माझ्या फोनवर कर्णिक बाईंकडून एक फोटो आला. गच्चीत ओळीने मांडलेल्या कुंड्या, प्रत्येक कुंडीवर लाल रंगात आकडा. खाली मजकूर: "सर, तुमच्या मार्गदर्शनाने आमच्या गटाने अठ्ठावन्न शेवळं सुरक्षित जागी हलवली. धन्यवाद!"

मी तसाच गाडी काढून रानात गेलो. खुंट्या जागच्या जागी, सरळ उभ्या. आठ-दहा जणांनी एका सकाळी येऊन खुरप्याने कंद काढले, खड्डे नीट बुजवले, माती हाताने सारखी केली आणि खुंटी परत होती तिथे रोवली. चोर असं करत नाही. शिस्तीतल्या माणसांनीच केलेलं काम होतं. बहुतेक ऊन चढलं म्हणून अठ्ठावन्नवर थांबले.

मी तिथेच एका दगडावर बसलो. एवढ्यात सोमीबाय आली. तिने माझं तोंड पाहिलं. एक खुंटी उपटली, खालच्या भुसभुशीत मातीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि रिकामा बाहेर काढला.

"भट्टी बंद झाली," ती म्हणाली. "लावनी लागाया अजून महिना हाय. ह्या महिन्यात आमच्या हातात हेच अस्तं, साएब. दुसरं काय नाय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

आता प्रश्न होता काय करायचं. राखीव वनातून कंद काढणं हा गुन्हा आहे आणि गुन्हेगाराने स्वतःच पुराव्याचा फोटो पाठवलेला. साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "केस करा नाहीतर विसरून जा. मधलं काही नसतं." साहेब बरोबर होते. पण केस केली की कंद म्हणजे जप्त मुद्देमाल. मुद्देमाल पोत्यात भरायचा, सील करायचा, नंबर घालायचा आणि निकाल लागेपर्यंत ऑफिसच्या खोलीत ठेवायचा. त्या खोलीत माझ्याच काळातले काही ओंडके अजून पडून आहेत. लाकूड थांबतं, कंद थांबत नाही. आणि विसरून जायचं तर सोमीबायसमोर पुन्हा कोणत्या तोंडाने उभं राहायचं? पावसाला तीन आठवडे राहिले होते. एकदा जमिनीतून फुलोरा निघायला लागला की कंद हलवून उपयोग नाही. मी साहेबांना "विचार करतो" म्हणालो आणि जे मधलं काही नसतं ते करायला निघालो. हे मी आज प्रथमच लिहून देतोय. आता पेन्शन सुरू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमीबायला घेऊन मी डोंबिवलीला कर्णिक बाईंच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, मग गच्चीवर नेलं. बोलायला सुरुवात मी केली आणि वाईट केली. गुन्हा, कलम, राखीव वन, असलं सगळं एका दमात.

बाईंचा चेहरा लाल झाला. "चोर म्हणताय मला तुम्ही? अहो, तुम्हीच रडकुंडीला येऊन सांगितलंत ना की तिथे बिल्डिंगा येणार म्हणून? आम्ही सगळे पेन्शनर भर उन्हात खुरपी घेऊन आलो. एकाने एक शेवळ विकलेलं नाहीये. करा केस! खुशाल करा!"

माझेच शब्द त्या मला परत करत होत्या.

सोमीबाय या सगळ्यात कुठेच नव्हती. ती कुंड्यांच्या ओळीतून चालत होती. एका कुंडीपाशी बसली, माती चिमटीत घेऊन चुरली.

"पानी घालताव?" तिने विचारलं.

"रोज," कर्णिक बाई म्हणाल्या. "दोन वेळा. एवढं ऊन आहे."

सोमीबायने कुंडीत बोटं खुपसली आणि कंद वर काढला. अर्धा भाग मऊ, काळा, वास मारणारा. तिने तो बाईंच्या हातावर ठेवला. "ह्यो झोपलेला अस्तो, बाय. झोपल्याला पानी पाजलं तं गुदमारतो."

मला वाटलं आता बाई ओरडतील. पण त्यांनी तो कंद कुंडीच्या काठावर अगदी हलक्या हाताने ठेवला, पदराला हात पुसले आणि विचारलं, "अजून किती वाचतील?"

"आज-उद्या काढलं तं बरंच."

पुढचं मी आयुष्यभर विसरणार नाही. कर्णिक बाईंनी फोन काढला आणि गटावर आवाजी संदेश सोडला. "लक्ष देऊन ऐका. ज्यांनी ज्यांनी शेवळं नेली आहेत त्यांनी आत्ताच्या आत्ता पाणी बंद करायचं. उद्या सकाळी दहा वाजता कंद माझ्याकडे आणून द्यायचे, नंबरसकट. मी हजेरी घेणार आहे. सबबी चालणार नाहीत."

आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी दहाला जिन्यात रांग लागली. कोणी डब्यातून, कोणी वर्तमानपत्रात गुंडाळून. बाई चष्मा लावून यादीवर खुणा करत होत्या. माझ्या नंबरांचा उपयोग झाला तो इथे. एकेचाळीस नंबर नव्हता. तो एका काकांनी ठाण्याला मेव्हण्याकडे दिला होता. बाईंनी काकांना तिथल्या तिथे रिक्षात बसवून पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत एकेचाळीस हजर झाला. सतरा नंबरवाल्या काकू मात्र खाली मान घालून उभ्या होत्या.

"सतरा?" बाईंनी विचारलं.

"आम्ही... सुरण समजून त्याची भाजी केली."

"मग?"

काकूंनी बोलायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांचा आवाज ऐकूनच सगळ्यांना समजलं.

अठ्ठावन्नपैकी त्रेचाळीस कंद धड निघाले. ते सोमीबायने सुक्या पाल्यात घालून पाटीत भरले. दुसऱ्या दिवशी मी आणि कर्णिक बाई तिच्याबरोबर रानात गेलो. माझ्याकडे नकाशा होता. मी म्हटलं, "आता प्रत्येक कंद आपापल्या खुंटीपाशी लावू. सगळं लिहिलेलं आहे."

सोमीबायने पाटी खाली ठेवली. "नाय," ती म्हणाली. "आदी खुंट्या उपटा. समद्या."

मी उपटल्या. एकशे बारा. उन्हात कमरेत वाकून एकेक शोधून काढली, कर्णिक बाई त्यांची मोळी बांधत होत्या. माझ्या हातचे एवढे सुबक आकडे! शेवटची खुंटी निघाली तेव्हा उतार पूर्वी होता तसा झाला, दगड आणि पाचोळा. कुठे काय आहे, काही पत्ता लागेना.

"आता तुमी दोगं सडकंकडं तोंड करून बसा," सोमीबाय म्हणाली. "मी हाक मारीन."

मी या रानाचा वनपाल. इथली हद्द मला डोळे मिटून पाठ. आणि एक बाई मला सांगते की तिकडे बघू नको. क्षणभर माझ्या खाकीला ते लागलं, खोटं कशाला बोलू. मग मी सडकेकडे तोंड करून बसलो. शेजारी कर्णिक बाईही बसल्या. तासभर पाठीमागे कधी काठी टोचल्याचा आवाज यायचा, मग पाचोळा सारल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. बाई एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, की आवडलेली वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही." मी त्यांना धीर द्यायला हवा होता. पण मलाच धीर नव्हता.

त्या वर्षी वाडीवरच्या बायकांच्या वाट्याला फार थोडी शेवळं आली. सोमीबाय कल्याणच्या बाजारात चार दिवस बसली आणि उठली. एरवी पंधरा दिवस बसायची. उरलेले दिवस ती एका बांधकामावर रेती उचलायला गेली. ते मी भरून देऊ शकलो नाही आणि आजही त्याची टोचणी आहे. कर्णिक बाईंच्या गटाने गच्चीवर टाकळा आणि अळू लावलं, आणि शेवळं वाडीच्या बायकांकडूनच घ्यायची असा नियम केला. हंगामात बाई स्वतः बाजारात येऊन नवख्या गिऱ्हाइकांना काकडाबद्दल व्याख्यान देतात. सोमीबाय म्हणते, "बाय लय बोलते, पन माल खपतो."

वरून पुन्हा नोंदीबद्दल पत्र आलं तेव्हा मी शेवळाच्या रकान्यात लिहिलं, "सध्या आढळून आले नाही." चौतीस वर्षांत कागदावर खोटं एवढंच.

शेवळं सावरली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बायका पुन्हा भरल्या पाट्या घेऊन स्टेशनाकडे जाताना दिसायला लागल्या. मी कुठून आणल्या म्हणून विचारायचो नाही, त्या सांगायच्या नाहीत. पुढे मी निवृत्त झालो, कल्याणला घरी बसलो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हंगामात राहवलं नाही म्हणून वाडीवर गेलो. खाकी नाही, काठी नाही, वही नाही. सोमीबाय पाटी घेऊन निघालीच होती. मला बघून थांबली. ओढ्यापर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. तिथे तिने चपला काढल्या. वरचा उतार निसरडा असतो, ती अनवाणीच चढते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चला. दावते तुमाला कुटं लावलीत ती. आता तुमी साएब नाय."

मला खरंच जायचं होतं. एवढी वर्षं मनात होतं, की त्या त्रेचाळिसांचं काय झालं ते एकदा डोळ्यांनी बघावं. पण मी स्वतःला ओळखतो. आज बघितलं असतं तर उद्या कोणाला तरी सांगितलं असतं. बायकोला, शेजाऱ्याला, नाहीतर इथेच दिवाळी अंकात.

मी म्हटलं, "नको, सोमीबाय. मला दाखवू नको. माझ्या तोंडाला कुलूप नाही."

ती इतकी हसली की पाटी खाली ठेवावी लागली तिला.

"शिकलाव म्हंजी," ती म्हणाली.

ती वर झाडीत शिरली. मी ओढ्याकाठी तिच्या चपला राखत बसलो.